ब्लॉग आणि मुद्रित नियतकालिक : पाठनिश्चितीचा प्रश्न

१

ब्लॉग या लेखनमाध्यमाविषयी मराठीत जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांच्या भूमिकांमध्ये विभागलेली दिसते. एका भूमिकेनुसार ब्लॉगने लेखकाला संपादकाच्या, प्रकाशकाच्या आणि छापखान्याच्या बंधनांतून मुक्त केले. ज्याला लिहावेसे वाटते त्याला लिहिता येऊ लागले आणि साहित्यव्यवहार अधिक लोकाभिमुख झाला. दुसऱ्या भूमिकेनुसार संपादकाची चाळणी नाहीशी झाल्यामुळे बेशिस्त, अपुऱ्या आणि आत्मतुष्ट लेखनाला पूर आला. तेव्हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची गंभीरपणे दखल घेण्याचे कारण नाही. या भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. ब्लॉग आणि मुद्रित नियतकालिक यांतील मूलभूत भेद संपादकाच्या असण्या-नसण्यात आहे, असे दोन्ही बाजू धरून चालतात.

हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, संपादकाचा अभाव हा ब्लॉगचा ठळक विशेष असला तरी तो त्याचा व्यवच्छेदक विशेष नव्हे. खरा भेद पाठाच्या स्थिरतेत आहे. अमुक मजकूर अमुक दिवशी अमुक स्वरूपात प्रसिद्ध झाला, याची साक्ष मुद्रणव्यवहार आपोआप देत असे. ब्लॉगच्या बाबतीत ही साक्ष देणारे कोणी नाही. या एका गोष्टीचे परिणाम वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने दूरगामी आहेत आणि त्यांची जबाबदारी लेखकावर किंवा तंत्रज्ञावर ढकलून अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.

२

प्रथम या माध्यमाचे स्वरूप थोडक्यात लक्षात घ्यावयास हवे. इंग्रजीतील ‘वेबलॉग’ ही संज्ञा १९९७ च्या अखेरीस जॉर्न बार्गर याने वापरात आणली. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने तिची गंमतीने फोड केली आणि त्यातून ‘ब्लॉग’ हे लघुरूप रूढ झाले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. संगणकाच्या आज्ञावलीचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही आपले लेखन जगापुढे मांडणे तिच्यामुळे शक्य झाले. २००३ मध्ये गूगल कंपनीने ही सेवा विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘वर्डप्रेस’ ही आज्ञावली उपलब्ध झाली. देवनागरीच्या बाबतीत मात्र आणखी एक अडसर होता. युनिकोड या प्रमाण सांकेतिक पद्धतीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला असला, तरी घरोघरीच्या संगणकांवर ती सुलभपणे वापरता येण्यास नवे शतक उजाडावे लागले. मराठी ब्लॉगलेखनाला बहर आला तो त्यानंतर.

मराठीत या माध्यमाला ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन पर्याय सुचविले गेले. दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. ‘अनुदिनी’ या शब्दात दिवसामागून दिवस चालणाऱ्या लेखनाचा बोध आहे. ‘जालनिशी’ हा शब्द ‘रोजनिशी’च्या धर्तीवर घडविलेला असून त्यामागे दप्तरात दिनांकवार नोंद ठेवण्याची जुनी परंपरा उभी आहे. दिनांक हा ब्लॉगच्या रचनेचा कणाच होय. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तारीख असते आणि शेवटची नोंद वाचकापुढे प्रथम येते. नोंदीतून इतर लेखनाकडे नेणारे दुवे असतात आणि नोंदीखाली वाचकांचे अभिप्राय उमटतात. लेखन, संदर्भ आणि प्रतिसाद यांची अशी एकत्र गुंफण मुद्रित पानावर या प्रमाणात शक्य नव्हती.

ब्लॉगला ‘अंक’ नसतो, हीदेखील महत्त्वाची बाब आहे. नियतकालिकातील कथा किंवा लेख एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे अग्रलेख असतो, इतर लेखकांच्या रचना असतात, जाहिराती असतात. त्या शेजारातून काळाचा आणि अभिरुचीचा अंदाज बांधता येतो. ब्लॉगवरील नोंद वाचकाला शोधयंत्राच्या मार्गाने सुटी भेटते.

३

आता संपादकाच्या प्रश्नाकडे वळता येईल. मराठी मुद्रणव्यवहाराचा इतिहास पाहता, संपादकाच्या मध्यस्थीवाचून चाललेले लेखन त्यात आरंभापासून आढळते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठीत नियतकालिकांची परंपरा निर्माण झाली. या परंपरेतील विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) हे एकहाती मासिक होते. तिच्या ८४ अंकांतील बहुतांश मजकूर एकाच लेखणीतून उतरला. लेखक, संपादक आणि चालक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीने बजावल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने स्वतः लिहून भरावे लागत. प्रस्थापित पत्रांच्या चौकटीत ज्या विचाराला जागा नव्हती, त्याच्यासाठी स्वतःचे पत्र काढणे हाच मार्ग होता. गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये जी पत्रे लिहिली, त्यांतील सुटसुटीत आकार, तात्कालिक निमित्त, वाचकाला थेट भिडणारी भाषा आणि नाव झाकून बोलण्याची मुभा हे सर्व विशेष आजच्या ब्लॉगलेखनात ओळखू येतात.

विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांतील लघुनियतकालिकांच्या चळवळीचा दाखला तर अधिकच बोलका आहे. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ आदी अनियतकालिकांनी तत्कालीन प्रतिष्ठित मासिकांच्या संपादकीय अभिरुचीलाच आव्हान दिले. ‘सत्यकथा’सारख्या मासिकाने लेखकाकडून पुनर्लेखन करवून घेण्याची, शब्दागणिक चिकित्सा करण्याची एक उच्च परंपरा निर्माण केली होती, यात शंका नाही. तथापि त्याच परंपरेच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांनी मराठी कवितेची आणि गद्याची वाट बदलली, हेही नाकारता येत नाही. सारांश, संपादकाला वळसा घालून वाचकापर्यंत जाण्याची प्रेरणा ब्लॉगने निर्माण केलेली नाही. ब्लॉगने त्या प्रेरणेचा खर्च कमी केला, एवढेच.

उलट बाजूने पाहता, ब्लॉगलेखकांनाही निवड आणि संपादन यांची गरज वाटल्याचे दिसते. मराठी ब्लॉगवरील निवडक लेखन एकत्र करून दिवाळीच्या निमित्ताने ‘रेषेवरची अक्षरे’ हा अंक ब्लॉगलेखकांनीच जालावर सिद्ध केला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, ती नव्या माध्यमाने आपण होऊन स्वीकारली, ही घटना पुरेशी सूचक आहे. तेव्हा संपादकाचे असणे-नसणे हा भेद अंशात्मक ठरतो. तो दोन माध्यमांना एकमेकांपासून तत्त्वतः वेगळे करीत नाही.

४

तत्त्वतः वेगळे करणारी गोष्ट अन्यत्र आहे. मुद्रित मजकूर एकदा छापून बाहेर पडला की तो लेखकाच्या हातचा राहत नाही. त्याच्या शेकडो प्रती निरनिराळ्या हातांत जातात. लेखकाचे मत बदलले तर त्याला दुसरा लेख लिहावा लागतो, शुद्धिपत्र जोडावे लागते किंवा नवी आवृत्ती काढावी लागते. पहिला पाठ मात्र जागच्या जागी राहतो. ही बाब कायद्यानेही दृढ केली होती. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाने प्रत्येक मुद्रित कृतीवर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. १८६७ च्या कायद्याचा मूळ हेतू नियंत्रणाचा होता, वाङ्मयसेवेचा नव्हे. परंतु त्याच्या आधारे झालेली नोंद आज वाङ्मयेतिहासकाराला उपयोगी पडते. पुढे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशित ग्रंथाची प्रत ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक केले आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्याच्या कक्षेत आली.

छापील पाठाचे हे बंधन लेखकाला कधी जाचकही ठरते. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा न्यायालयापुढे तो छापील संग्रहच पुरावा होता. मर्ढेकर निर्दोष सुटले. परंतु त्या ओळी आपल्या नाहीत किंवा त्या तशा नव्हत्या, असे म्हणण्याची वाट मुद्रणाने कोणालाच ठेवलेली नव्हती. लेखकाने शब्दाची जबाबदारी घ्यावयाची म्हणजे काय, याचा मुद्रणयुगातील अर्थ हाच आहे.

ब्लॉगवरील मजकुराचे तसे नाही. प्रसिद्ध झालेली नोंद लेखकाला केव्हाही बदलता येते. एखादे विशेषण गाळता येते, परिच्छेद जोडता येतो, संपूर्ण नोंद काढून टाकता येते. आणि वाचकापुढे या फेरफाराची खूण उरतेच असे नाही. इतकेच काय, ज्या दिनांकावर या माध्यमाची सारी रचना उभी आहे, तो नोंदीच्या माथ्यावरील दिनांकही लेखकाला बदलता येतो. आज लिहिलेल्या नोंदीवर पाच वर्षांपूर्वीची तारीख घालणे प्रचलित सेवांमध्ये सहज शक्य आहे. वाङ्मयीन वादात कोणी काय प्रथम म्हटले, कोणत्या लेखनाचा कोणावर प्रभाव पडला, याचा निर्णय ज्या कालानुक्रमावर करावयाचा, तोच येथे अनिश्चित होतो.

५

या संदर्भात ब्लॉगची तुलना हस्तलिखितांशी करण्याचा मोह होतो. मुद्रणपूर्व काळात पाठ प्रवाही होता. प्रत करणाऱ्याच्या हातून तो बदलत असे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिचे शुद्धीकरण केले आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, असे बजावून ठेवले. पाठनिश्चिती हे केवळ पाश्चात्त्य संपादनशास्त्राचे देणे नसून मराठी वाङ्मयाच्या मूळ परंपरेत तिला स्थान आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि ही तुलना एका मर्यादेपलीकडे टिकत नाही. हस्तलिखितांच्या बाबतीत पाठभेद निर्माण होत, तसे ते शिल्लकही राहत. एक प्रत पैठणास, दुसरी पंढरपुरास, तिसरी तंजावरास अशी असे. त्यांची तुलना करून मूळ पाठाचा माग काढता येई. पाठभेद हाच संशोधनाचा कच्चा माल होता. ब्लॉगच्या बाबतीत वाचक हजार असले तरी अधिकृत प्रत एकच, आणि तीही दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रणेवर असते. तिच्यात बदल झाला की आधीचा पाठ नाहीसा होतो. हस्तलिखिताची अस्थिरता ब्लॉगकडे आहे, पण हस्तलिखिताने मागे ठेवलेली साक्ष त्याच्याकडे नाही. मुद्रणाचा प्रसार त्याच्याकडे आहे, पण मुद्रणाची स्थिरता नाही. ब्लॉगचे वेगळेपण या दुहेरी अवस्थेत आहे.

६

ही चिंता केवळ तात्त्विक नाही. याहू कंपनीने ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ च्या ऑक्टोबरात जपान वगळता सर्वत्र बंद केली आणि व्यक्तिगत पानांचा मोठा साठा मूळ ठिकाणाहून नाहीसा झाला. गूगल कंपनीने ‘गूगल प्लस’ ही सेवा २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी बंद केली, तेव्हा त्या सेवेमार्फत ब्लॉगवर आलेले वाचकांचे अभिप्रायही पुसले गेले. मूळ नोंदी राहिल्या, पण त्यांच्याखाली झालेले वाद-संवाद गेले. जुलै २००६ मध्ये मुंबईतील लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने काही मोजकी स्थळे रोखण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक सेवादारांनी त्या अनुषंगाने सबंध ब्लॉगसेवाच काही दिवस बंद ठेवल्या. एखाद्या अंकावर बंदी आली तरी वाचकांच्या घरात गेलेल्या प्रती उरतात. येथे प्रतच एक असल्यामुळे वाट बंद झाली की सारेच बंद होते.

मराठीच्या वाट्याला आणखी एक विशेष अडचण आली. युनिकोडपूर्व काळात मराठी स्थळे आपापला स्वतंत्र फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट हाताशी नसेल तर तोच मजकूर आज रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखा दिसतो. मोडी लिपी वाचणारे जाणकार अद्याप सापडतात आणि ती शिकण्याची सोयही आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ही देवनागरी मात्र उलगडण्यासाठी कोणाची वाट पाहावी, हे सांगता येत नाही. शिवाय २०१० नंतरच्या दशकात अनेक ब्लॉगलेखक समाजमाध्यमांकडे वळले. तेथील लेखन प्रवाहात खाली सरकत जाते आणि नाव-तारीख ठाऊक असूनही पुन्हा सापडणे दुरापास्त होते. त्या मानाने ब्लॉग बराच सुव्यवस्थित म्हणावा लागेल. जे जपणे अजून शक्य आहे, ते हेच.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ब्लॉगवरील बहुसंख्य लेखन क्षणिक मोलाचे आहे. ते गेले तर वाङ्मयाची हानी होत नाही. परंतु कोणते लेखन क्षणिक आणि कोणते टिकाऊ, याचा निर्णय समकालीनांना क्वचितच नेमका करता आला आहे. लघुनियतकालिकांचे अंक त्या वेळी बहुतेक ग्रंथालयांनी संग्राह्य मानले नव्हते. पुढे अभ्यासकांना ते खाजगी संग्रहांतून शोधावे लागले. ज्या व्यक्तींनी ते अंक जपून ठेवले, त्यांच्यामुळे एका वाङ्मयीन पर्वाचा इतिहास लिहिता आला. ब्लॉगच्या बाबतीत असा योगायोग घडण्याची शक्यता कमी आहे. कारण माळ्यावरच्या पेटीत राहून जाणारी प्रतच येथे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिहिलेले मागे घेण्याची मुभा हेच या माध्यमाचे सामर्थ्य नव्हे काय? नाव न सांगता लिहिता येते, आणि उद्या भीती वाटली तर पुसता येते, या विश्वासावर अनेकांनी घरातील दडपण, आजार, जातीचे अनुभव, परदेशातील एकटेपण यांविषयी लिहिले. छापील पानावर हे लेखन कदाचित आलेच नसते. त्याचे परस्पर जतन करणे म्हणजे लेखकाने गृहीत धरलेल्या कराराचा भंग ठरू शकतो. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. जतन म्हणजे प्रदर्शन नव्हे. लेखकाची संमती घेणे, त्याने झाकलेले नाव झाकलेलेच ठेवणे, ठरावीक वर्षे मजकूर केवळ अभ्यासकांपुरता मर्यादित ठेवणे, ही पथ्ये खाजगी पत्रव्यवहार आणि दैनंदिनी यांच्याबाबतीत दप्तरखाने पाळत आले आहेत. तीच येथेही पाळता येतील. लेखकाने विचारपूर्वक पुसलेले लेखन आणि कंपनीच्या निर्णयामुळे पुसले गेलेले लेखन यांत भेद आहे. पहिल्याचा आदर करावा, दुसऱ्याला विरोध करावा.

८

तेव्हा अभ्यासकांपुढील कर्तव्य कोणते? जगभरातील जाल-पाने साठवण्याचे काम ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून करीत आहे. परंतु तिचे संकलन स्वाभाविकच सर्वसमावेशक असू शकत नाही आणि मराठी लेखनाची निवड करणे हे तिचे कामही नव्हे. फ्रान्सने २००६ मध्ये आणि ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या देशांतील जाल-प्रकाशने कायदेशीर ग्रंथप्रदानाच्या कक्षेत आणली. आपला १९५४ चा कायदा मुद्रित ग्रंथ आणि वृत्तपत्रे डोळ्यांसमोर ठेवून घडला आहे. कायद्यात सुधारणा होणे इष्टच आहे, पण तोवर विद्यापीठीय मराठी विभागांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही.

काही गोष्टी तात्काळ करण्यासारख्या आहेत. संशोधनलेखात ब्लॉगवरील नोंदीचा आधार घेताना नोंदीची तारीख आणि ती पाहिल्याची तारीख या दोन्ही द्याव्यात आणि त्या दिवशीच्या पाठाची प्रत विभागाकडे जमा करावी, असा दंडक संशोधनपत्रिकांनी घालून घेतला, तर निदान उद्धृत झालेला मजकूर तरी निश्चित होईल. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील ब्लॉगलेखकांशी संपर्क साधून संमतीने त्यांच्या लेखनाची एक प्रत मागावी. ब्लॉगवरील सर्व मजकूर एकत्र उतरवून घेण्याची सोय प्रचलित सेवांमध्ये लेखकालाच उपलब्ध असते. एम. ए. आणि पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना सूची करण्याचे काम सोपविले, तर त्यातून पाठचिकित्सेचे शिक्षणही घडेल. आजवर जुन्या पोथ्यांवर शिकविले जाणारे हे शास्त्र नव्या सामग्रीवर तपासून घेण्याची संधी त्यातून मिळेल.

ब्लॉग श्रेष्ठ की मुद्रित नियतकालिक, हा वाद फारसा फलदायी नाही. मुद्रणव्यवहारात लेखन, प्रकाशन आणि जतन या तीन क्रिया एकमेकींना बांधलेल्या होत्या. लेख छापला की तो काही अंशी जपलाही जात असे. ब्लॉगने पहिल्या दोन क्रिया लेखकाच्या हाती दिल्या आणि तिसरी कोणाच्याच हाती ठेवली नाही. सेवा चालविणाऱ्या कंपनीची ती बांधीलकी नाही, कायद्याची नाही आणि लेखकाची ती ऐपत नाही. अशा स्थितीत ती ज्यांनी स्वीकारावयाची, त्यांत मराठीच्या अभ्यासकांचे स्थान पहिले आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मराठी गद्याचा इतिहास उद्या कोणी लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्यापुढे कोणती साधने असतील, हे आजच्या विभागांच्या कृतीवर अवलंबून राहील.